हौसेने बोटीत बसणाऱ्यांना लाईफ जॅकेट सक्तीचं असावं का? पोहता येणाऱ्यांना सूट द्यावी का?

पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दात: असावं. मी लिहायला बसलोय ते दुसऱ्या भागासाठी. 'पोहता येणाऱ्यांना सूट' एवढं वाचलं आणि आमचे दाजी डोळ्यांपुढे उभे राहिले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव गंगापूर तालुक्यात, घरापासून नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, फुगवटा चालत दहा मिनिटांवर. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडी मृतसाठ्यात गेलं होतं आणि तिकडे लातूरला रेल्वेने पाणी चाललं होतं. पुढच्या वर्षी धरण भरलं, तेव्हा आमच्याकडची माणसं जत्रेला जावं तशी पाणी बघायला जायला लागली. हयात टँकरमागे घागरी घेऊन पळण्यात गेलेली. पाणी पुरवून वापरायचं एवढंच ठाऊक, पाण्याला भ्यायचं असतं हे कोण शिकवणार?

तर दसऱ्याचा दुसरा दिवस, त्यात रविवार. नवरात्राचे उपास सुटलेले, दुपारी मटण रेटून झालेलं. तीनच्या सुमाराला दाजी म्हणाले, "चला, होडीत चक्कर मारून येऊ." ओळखीच्या मच्छीमाराची इंजिनवाली होडी. नावाडी धरून आम्ही सात जण आणि जॅकेटं पाच. ताई, आत्या, माझी बायको आणि सात वर्षांचा भाचा यांनी चार घातली. पाचवं नावाड्याने दाजींपुढे केलं.

"आरं, मला जाकीट देतो व्हय? गावातली एक हीर सोडली नाही मी मुटका मारायची." आणि ते जॅकेट बुडाखाली घेऊन बसले. फळी टोचत होती म्हणे.

ते मला मागता आलं असतं. नाही मागितलं. नव्या बायकोसमोर मलाही पोहता येत होतं.

परतताना आभाळ भरून आलं. परतीच्या पावसाआधी कसा वारा सुटतो ते आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण तो रानात असताना बघितलेला. नाथसागराचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास, वाऱ्याला आडवायला झाड नाही की टेकडी नाही. दहा मिनिटांत लाटा होडीच्या काठाला लागल्या. एक लाट आत आली, आणि कपडे भिजू नयेत म्हणून आम्ही सगळेच्या सगळे कोरड्या बाजूला सरकलो. नावाडी "बसा, बसा" ओरडतोय तोवर होडी उलटी.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. नावाडी ओरडला, "होडी सोडू नका." मी पालथ्या होडीला बिलगलो. भाच्याचं जॅकेट मोठ्या माणसाच्या मापाचं, ते कानापर्यंत वर सरकलेलं आणि पोरगं खालून निसटायच्या बेतात. ताईने त्याला बखोटीला धरलं म्हणून राहिला. बायको माझ्या शेजारी, तिला काही झालेलं नव्हतं, उलट तीच मला धरून होती. आणि आत्या! साठी उलटलेली बाई, आयुष्यात कमरेच्या वर पाण्यात गेलेली नाही, ती भोपळ्यासारखी उताणी तरंगत होती. तिचा एकच घोष, "माझी चप्पल गेली की रे."

दाजी म्हणाले, "थांबा, मी माणसं घेऊन येतो," आणि काठाकडे निघाले. काठ दीडशे-दोनशे मीटर असेल. हात मारायला सुरुवात काय झोकात केली! पण विहिरीत कोणत्याही बाजूला दहा हातांवर दगड असतो. दमलं की कपारीला हात घालायचा, वर बसून विडी ओढणाऱ्याशी गप्पा मारायच्या, पुन्हा मुटका. शिवाय विहिरीत लाट नसते. इथे श्वास घ्यायला तोंड उघडलं की पाणी आत, पोटात मटण आणि अंगात जीन्स. अर्ध्यात त्यांचे हात नुसते वरखाली व्हायला लागले. पुढे सरकणं थांबलं.

जाळं बघायला आलेला एक जण थर्माकोलच्या तुकड्यावर बसून वल्हं मारत आला आणि त्याने दाजींना कॉलरला धरून वर ओढलं. मग दुसरी होडी आली, आम्हाला काढलं. काठाला आलो तर दाजींनी बुडाखाली घेतलेलं जॅकेट आमच्याआधीच तिथे येऊन लागलेलं.

(थर्माकोलवरून आठवलं. गंगापूर तालुक्यातल्याच भिवधानोऱ्याची पोरं याच पाण्यातून थर्माकोलवर बसून शाळेत जातात हे २०२३ मध्ये पेपरात आलं, तेव्हा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. साप हाकलायला हातात काठ्या घेऊन जायची पोरं. हौशी लोकांवर सक्ती करताना यांनाही एकेक जॅकेट द्या म्हणावं.)

एवढं होऊनही दाजी आजतागायत प्रत्येक लग्नात, बारशात, तेराव्याला सांगतात की "मी पोहत जाऊन माणसं आणली, नायतर सगळे गेले असते." मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात वादळात होडी उलटली, सहा जण गेले, एक जण पोहून काठाला आला. दाजींचा मला फोन, "बघ, पोहणारा वाचला का नाही?" अहो, वाचला, त्याच्या धीराला नमस्कार. पण त्या सहांत दोन कडेवरची लेकरं होती, त्यांनी कोणत्या विहिरीत मुटके मारायचे होते? त्याच वर्षी जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या, तिथेही सगळ्यांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा २०२३ चा हिशोब बघा: हौशी बोटींवरून बुडून मेलेल्यांपैकी ज्यांची नोंद आहे, त्यातल्या ८७ टक्के लोकांनी जॅकेट घातलेलं नव्हतं. यांच्यात पोहता येणारं कोणीच नसेल, असं मला तरी वाटत नाही.

मुद्दा साधा आहे. मोठ्या माणसाचं डोकं पाण्यावर राहायला चार-पाच किलोची उचल पुरते. ती उचल तुम्ही हातपाय मारून देता तोवर तुम्ही पोहणारे. डोक्याला फळी लागली, पायात गोळा आला, पाय जाळ्यात अडकला की झालात दगड. चांगल्या जॅकेटचा फोम छातीकडे जास्त असतो, म्हणून शुद्ध हरपली तरी तोंड वर राहतं. आणि पाण्यात पडल्यावर घालू म्हणणाऱ्याने एकदा घालून दाखवावं. जायकवाडीत तर शंभरावर गावं बुडालेली आहेत, त्यांच्या भिंती, विहिरी, झाडं खालीच आहेत. पाय कशात अडकेल ते सांगता येत नाही.

दाजी, तुम्ही पोहायला शिकलात तेव्हा तुमच्या पाठीला आजोबांनी वाळका भोपळा बांधला होता ना? तेव्हा लाज नाही वाटली. आता त्याच भोपळ्याला केशरी कापड लावलं तर मर्दानगी गेली?

सक्ती कुणावर, असंही कोणी विचारेल. दंड होडीवाल्याला, आणि तो त्याच्याच भल्यासाठी. आज शंभर रुपयांसाठी होडी काढणारा माणूस पाव्हण्याला "घाला" म्हणू शकत नाही, पाव्हणा दुसऱ्या होडीत बसतो. "साहेब, दंड मला बसतो" एवढं म्हणायची सोय झाली तरी पुष्कळ.

हे सगळं मौजेसाठी बसणाऱ्यांबद्दल हं. पहाटेपासून जाळी ओढणाऱ्या माणसाला मे महिन्यात ते जाड जॅकेट घालून काम करायला सांगणाऱ्याने आधी स्वतः करून बघावं. त्यांच्यासाठी हलकं काहीतरी निघायला पाहिजे. आणि लेकरांना लेकरांच्या मापाचंच हवं, भाच्याचं वर सांगितलंच आहे.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, नाहीतर ताई रागावेल. तो थर्माकोलवाला आमच्याकडे पाठ करून जाळं बघत होता. वळून बघितलं ते दाजींच्या बोंबलण्यामुळे. तेव्हा माणसं त्यांनी आणली, हे अगदीच खोटं नाही.

मागच्या दिवाळीत पुन्हा गेलो होतो. यावेळी दाजींनी न सांगता जॅकेट घातलं. पट्टे तेवढे मोकळे सोडलेले. म्हणलं, लावा की. तर म्हणे, "उकडतंय रे."