ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे लाईट वेड्यासारखे लागत असतील तर

भावा लगेच बल्ब बदलत बसू नको. ब्रेक दाबला की इंडिकेटर पण मंद पेटतोय म्हणजे नव्वद टक्के अर्थचाच (करंट बॅटरीच्या मायनसकडे परत जायच्या वाटेचा) लोच्या, बऱ्याच ट्रॉल्यांना अर्थची वेगळी वायरच नसते, सगळं हुकाच्या पिनेवर चाललेलं आणि तिथं गंज नाहीतर ग्रीस. एक लांब वायर घे, बॅटरीच्या मायनसवरून थेट ट्रॉलीच्या चेसीला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला लाव (रंग खरवडून हां), लाईट नीट झाले तर तीच वायर कायमची सॉकेटमधून ओढून घे. नाही झाले तर ट्रॅक्टरच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प लावून बघ, तिथंच 12 व्होल्ट येत नसेल तर ट्रॉलीत काय शोधतोय, फ्यूज बघ आधी. आणि फ्यूज सारखा उडतोय म्हणून जाडी तार घालू नको, वायरिंग जळेल, चेसीवर घासलेली वायर शोध.