बोलेरोचा पंखा : २२,००० घालायचे की ५,२००?

प्रश्न : मुलुंडहून रोज जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) अंधेरीला जातो. गाडी २०१३ ची बोलेरो, आरसी नोव्हेंबर २०२८ पर्यंत. वर्षाला १२,००० किलोमीटर, ॲव्हरेज ११. एसी लावून ट्रॅफिकमध्ये अडकलं की टेंपरेचरचा काटा चढतो. मेकॅनिक म्हणतो, फॅन बेल्टवरचा पंखा काढून इलेक्ट्रिक लावा, लिटरमागे दोन किलोमीटर वाढतील. खर्च २२,०००, क्रेडिट कार्डावर १६ टक्क्यांनी १२ हप्ते. दुसऱ्या गॅरेजने नुसतं व्हिस्कस कपलिंग (पंख्याला गरजेप्रमाणे इंजिनाशी जोडणारा किंवा मोकळा सोडणारा तेलाचा भाग) बदलायचे ५,२०० सांगितले. काय करू?

उत्तर : आधी ते दोन किलोमीटर तपासू, कारण सगळा सौदा त्यांच्यावरच उभा आहे. डिझेल ९० रुपये धरलं तर तुमचा वर्षाचा खर्च साधारण ९८,०००. ॲव्हरेज खरोखर १३ झालं तर वर्षाला १५,००० वाचतील आणि पंखा दीड वर्षात फिटेल. पण तसं होत नाही. पंखा फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते : आरपीएम दुप्पट झालं की ताकद आठपट. म्हणजे पवईच्या सिग्नलला ८०० आरपीएमवर उभ्या गाडीत बेल्टवरचा पंखा जवळजवळ काही खातच नाही. खाल्लंच तर हायवेवर, आणि तिथे समोरच्या वाऱ्याने रेडिएटर गार राहतो, त्यामुळे व्हिस्कस कपलिंग पंख्याला बऱ्यापैकी मोकळा सोडतं. इलेक्ट्रिक पंखाही फुकट फिरत नाही. २० अँपिअर आणि साडेतेरा व्होल्ट म्हणजे २७० वॅट. अल्टरनेटरमध्ये (इंजिनाच्या ताकदीवर गाडीची वीज बनवणारा भाग) वाया जाणारं धरलं तर इंजिनावर ५०० वॅटच्या आसपास बोजा. उदार होऊन २ टक्के बचत धरू. वर्षाचे झाले १,९६० रुपये.

आता कार्ड. २२,००० वर १६ टक्क्यांनी हप्ता येतो १,९९६ चा. वर्षभरात व्याज सुमारे १,९५०, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३५०, प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. पहिल्या वर्षाची सगळी बचत बँकेची. मुद्दल वसूल व्हायला त्यापुढे ११ वर्षं, आणि गाडीची आरसी २०२८ ला संपते. पुढे पाच वर्षं वाढवायची तर फिटनेस आणि पर्यावरण कर आलेच.

तेव्हा बचतीसाठी हा खर्च करू नका. पण काटा चढतोय तो खरा आहे, आणि त्याला पैसे घालावेच लागतील. कुठे, ते दहा मिनिटांत कळतं. सकाळी थंड इंजिन चालू केलं की पंख्याचा घोंघाट थोडा वेळ यायला हवा आणि मग उतरायला हवा. इंजिन पूर्ण तापल्यावर बंद करा, चावी काढून खिशात ठेवा आणि पंखा हाताने फिरवून पाहा. जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा चार-पाच फेरे फिरला, किंवा कपलिंगच्या मधोमध तेलाने काळी चिकट धूळ बसलेली दिसली, तर आतलं सिलिकॉन तेल गेलंय. तुमचा काटा ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर चढतो. गाडी पळाली की उतरत असेल, तर संशय इथेच जास्त. त्याबरोबरच एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत बघा. मेट्रोच्या कामांची धूळ तिथे कापसासारखी साचते. साध्या नळीने इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारायचं. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने रेडिएटरचे पातळ पत्रे आडवे होतात. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच तुटलेलं असेल तर तेही बसवून घ्या. ते नसेल तर नवा पंखाही तीच गरम हवा फिरवत बसतो. याउलट कसारा घाट चढताना काटा वर जात असेल, तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा वॉटर पंप दमलाय. तिथे कुठलाच पंखा उपयोगाचा नाही.

इलेक्ट्रिक पंखा वाईट नाही. इंजिन आयडलला असतानाही तो पूर्ण वेगाने फिरतो. एसी चालू ठेवून तासन् तास उभी राहणारी भाड्याची गाडी असती तर मीही तोच सुचवला असता. पण मग २२,००० पुरत नाहीत. जुलैच्या संध्याकाळी बेरीज करा : हेडलाइट १०, एसीचा ब्लोअर १५, वायपर ५, एसीचा क्लच ४, इंजिनाचं आपलं ८-१०, त्यात पंखा २०. झाले ६०च्या वर अँपिअर, आणि आयडलला अल्टरनेटर त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या बराच खाली देतो. थोडं थोडं रोज बॅटरीतून जातं आणि एका सोमवारी गाडी सेल्फ घेत नाही. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना मोठा अल्टरनेटर आणायचा, तो कोटेशनमध्ये कुठेच नाही.

तरीही तोच लावायचा ठरला तर कोटेशनमध्ये या गोष्टी लिहून घ्या : ४० अँपिअरचा रिले, बॅटरीजवळ फ्यूज, ६ चौरस मिलिमीटरची वायर, एसी लागला की पंखा लागेल अशी जोडणी. पंखा चालू करणारा स्विच ९२-९५ अंशांचा हवा. इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारा थर्मोस्टॅट ८२ ला उघडतो, त्याखालचा स्विच लावला तर पंखा बंदच होत नाही. रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधणाऱ्याला काम देऊ नका. घासून घासून नळी फुटते. बेल्ट मात्र राहणारच, वॉटर पंप आणि अल्टरनेटर त्याच्यावरच आहेत. विमा कंपनीला ईमेलने कळवा. बाहेरच्या वायरिंगमुळे आग लागली तर क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न तोच येतो.

माझं मत कपलिंगच्या बाजूने. ५,२०० रोख द्या, कार्ड काढू नका. उरलेल्या १६,८०० चं कर्ज झालंच नाही, त्यामुळे जो हप्ता भरायची तुमची तयारी होती, त्यातले महिना १,५०० गाडीच्या नावाने आरडीत टाका. वर्षाला १८,००० होतात. २०२८ ला आरसी वाढवायची ठरली तर टायर, ब्रेक आणि फिटनेसचं काम त्यातून निघेल. विकायची ठरली तर पुढच्या गाडीच्या डाउन पेमेंटला लागतील. कपलिंग बदलल्यावर दोन आठवडे त्याच वेळी, त्याच रस्त्याने, एसी लावून जा. काटा तरीही चढला तर रेडिएटर उतरवून तपासून घ्या, आणि हे सगळं गणपतीला गावी निघायच्या आधी उरका.