दोन रंग एकमेकांतून दिसायचे तर

प्रश्न : ताई, भिंतीवर लावायला एक फूट चौरसाची छोटी गोधडी करतेय. पांढऱ्या कापडावर दोन वर्तुळं, एक हळदी, एक लाल, अर्धवट एकमेकांवर आलेली. मधल्या पानाच्या आकारात केशरी कापड लावलं. रंगीत काचा एकावर एक ठेवल्यासारखं दिसेल वाटलं होतं, पण तीन ठिगळं शेजारी शेजारी बसल्यासारखी दिसतात. फोटो पाठवतेय. रंग चुकला का? की सरळ ऑर्गन्झाच, म्हणजे आरपार दिसणारं झिरझिरीत कापडच लावू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : केशरी चुकला नाही, तुम्ही घेतलेला केशरी चुकला. फोटोत तो झेंड्यासारखा भडक आहे, हळदी आणि लाल दोघांनाही मागे ढकलून पुढे येतोय. एका रंगातून दुसरा दिसतो तेव्हा तो सहसा जरा मंदावतो. तुम्हाला हवा तो थोडा मळकट रंग, जो दुकानात एकटा पाहिला तर कुणी हातात घेणार नाही.

आधी ठरवा, काच दाखवायची आहे की झिरझिरीत कापड? रंगीत काचा पांढऱ्यावर ठेवल्या की मधला भाग दोन्हींपेक्षा गडद होतो, म्हणजे तुमच्या जोडीला लालपेक्षा किंचित गडद विटकरी चालेल. झिरझिरीत कापडाचा भास हवा असेल तर मधला रंग दोघांच्या मधल्या गडदपणाचा घ्या, मंद शेंदरी. त्यातही तो लालकडे झुकला तर लाल वर्तुळ वर आहे असं वाटतं, हळदीकडे झुकला तर हळदी. जोसेफ आल्बर्स हा जर्मन चित्रकार आधी बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत आणि १९५० पासून अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवायचा. तो विद्यार्थ्यांना रंग कालवू न देता रंगीत कागदांच्या तुकड्यांतून हेच शोधायला लावायचा. आपलंही तसंच आहे, कापडात रंग कालवता येत नाही, निवडावाच लागतो.

निवडायला रंगपेटीची गरज नाही, मॅचिंग सेंटरमध्ये जा. टू बाय टू या ब्लाउजच्या कापडाच्या इतक्या छटा दुसरीकडे कुठे मिळणार? दोन्ही कापडं बरोबर न्या, मधल्यासाठी चार-पाच छटा काढायला सांगा आणि मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. रंगाचा मोह गेला की गडद-फिकं लगेच कळतं. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

एखादा लाल-पांढरा चौकड्याचा पंचा घरात असेल तर तो जवळून बघा. लाल धाग्यावर लाल आला तिथे पूर्ण लाल, लालवर पांढरा आला तिथे गुलाबीसर, पांढऱ्यावर पांढरा तिथे पांढरा. दोन पट्टे एकमेकांतून जाताना दिसतात, कारण विणकराने ते खरोखरच एकमेकांतून नेलेत. धूपछाव खणातही तेच. उभे धागे डाळिंबी आणि आडवे मोरपंखी असतील तर मधल्या पानासाठी आयतं कापड तयार, वर्तुळं मात्र त्याच दोन रंगांची हवीत. फक्त खणाचे सगळे तुकडे एकाच दिशेने कापा. आडवा फिरवला की तोच खण वेगळ्या रंगाचा दिसतो.

आता कडा. फोटोत हळदी वर्तुळाची रेघ पानाशी येऊन तुटते आणि जराशी खाली सरकून पुन्हा सुरू होते. रंग कितीही अचूक असो, रेघ अशी तुटली की भास संपला. पूर्ण आकृती आधी कागदावर काढा, दोन्ही वर्तुळं अखंड. पानाचा साचा त्याच कागदावरून उतरवा, शिलाईसाठी चहूकडे पाव इंच सोडा आणि दुमडलेली कड रेघेवर टाचण्यांनी धरून मगच टाके घाला. वर्तुळं जिथे छेदतात त्या दोन टोकांवर वेळ घालवा, बाकीचं आपोआप बसतं. वर धावदोरा घालताना एका वर्तुळाच्या ओळी पानातून न थांबता पुढे न्या. फुलाफुलांचं छापील कापड या कामात घेऊ नका. वर्तुळावर फुलं असली तर ती पानातही बदललेल्या रंगात दिसायला हवीत, तसं कापड मिळणार कुठे?

ऑर्गन्झाला माझा विरोध नाही, पण साध्या सुती कापडातून पारदर्शकतेचा भास उभा करण्यात जी गंमत आहे ती त्यात नाही. लावायचाच असेल तर खालची शिलाई आणि दुमडी त्यातून दिसतात हे धरून चाला, दुमडी गडद कापडाकडे वळवा. पॉलिएस्टरचा असेल तर इस्त्री अगदी मंद, वर सुती फडकं टाकून. सावली दाखवायला मात्र करडा किंवा काळा ऑर्गन्झा फार छान, कारण सगळ्या रंगांवरून तो सारखाच जातो.