मीटर खूश, मित्र बहिरा

वाचकांचे प्रश्न: रेडिओचा कोपरा

प्रश्न : ताई, माझ्याकडे ५ वॅटची ड्युअल बँड हँडी आहे, म्हणजे व्हीएचएफ (१४५च्या आसपास) आणि यूएचएफ (४३५च्या आसपास) अशा दोन पट्ट्यांवर चालणारा हातातला हॅम, म्हणजे हौशी रेडिओ. ट्रेकला नेता येईल असा अँटेना घरीच केला. बीएनसी सॉकेटवर ४९ सेंमीची उभी तांब्याची तार, खाली तेवढ्याच लांबीच्या चार तारा तिरप्या सोडलेल्या. नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासायचं छोटं मापक) १४५ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (१च्या जितका जवळ तितका चांगला) १.३ आला, ४३५ला १.४. एकाच तारेत दोन्ही बँड मिळाले म्हणून उड्या मारल्या. व्हीएचएफवर खरंच फरक पडला, पण यूएचएफवर अजिंक्यताऱ्यावरून शहरापलीकडच्या मित्राला मी हँडीसोबत आलेल्या रबराच्या अँटेनापेक्षाही क्षीण ऐकू येतो. माझं कुठे चुकलं? (सातारा)

उत्तर : कापण्यात नाही, जोडण्यातही नाही. मीटर काय सांगतोय हे समजण्यात गफलत झाली आहे. तीच गफलत मी परवाना मिळाल्यावर दोन वर्षं केली, आणि तीही टेलिफोन खात्यात जन्मभर जोड डाखून निवृत्त झाल्यावर. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

आधी गणित. ३०० भागिले १४५ म्हणजे तरंगलांबी २.०७ मीटर. तिचा पाव भाग ५१.७ सेंमी. तारेत पाचेक टक्के कमी धरायचे, म्हणजे तुमचे ४९. आता १४५ला तीनने गुणा : ४३५. आपल्याकडे हॅमना १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ हे दोन पट्टे आहेत, त्यामुळे एकाची तिप्पट दुसऱ्यात बरोबर जाऊन बसते. जी तार १४५ला पाव लांबीची, तीच ४३५ला पाऊण लांबीची. पाव काय नि पाऊण काय, दोन्हींचा बुडाशी मिळणारा रोध ५० ओहमच्या जवळपास असतो. म्हणून केबलला दोन्हीकडे बरं वाटतं आणि मीटर हसतो.

पण एसडब्ल्यूआर फक्त एवढंच सांगतो की पाठवलेल्यातलं किती परत आलं. १.५ असेल तर ४ टक्के, ३ असेल तर २५ टक्के. उरलेलं कोणत्या दिशेला गेलं, याची त्याला कल्पना नसते. १४५वर तुमच्या तारेत सगळा प्रवाह एका वेळी एकाच दिशेने धावतो आणि सिग्नल आडवा, क्षितिजाकडे जातो. ४३५वर मात्र खालच्या १६ सेंमीत प्रवाह एका दिशेला आणि वरच्या ३३ सेंमीत उलट दिशेला. बैलगाडीचा एक बैल उलटा जुंपावा तसं. क्षितिजाच्या दिशेने दोघांची काटाकाटी होते आणि जोर जातो तो वर, ४५ अंशांच्या आसपास. तुमचा मित्र जमिनीवर राहतो, म्हणून त्याला उरलंसुरलं मिळतं. रबराचा अँटेना दुबळा खरा, पण निदान मित्राच्या दिशेने तरी बोलतो.

हवं ते एवढंच : ४३५वर वरची ३३ सेंमी तार तुटलेली असावी आणि १४५वर जोडलेली. असा स्विच ११.४ सेंमी केबलच्या तुकड्यात बनतो, त्याला स्टब म्हणतात. ४३५च्या तरंगलांबीचा पाव भाग १७.२ सेंमी. आरजी-१७४ या पातळ केबलमध्ये लहरीचा वेग ०.६६ पट, म्हणून १७.२ गुणिले ०.६६. तुकड्याच्या एका टोकाला मधली तार आणि तिच्याभोवतीची धातूची जाळी एकत्र डाखून टाका. दुसऱ्या टोकाला दोन्ही वेगळ्या ठेवा : मधली तार खालच्या तारेच्या शेंड्याला, जाळी वरच्या तारेच्या बुडाला. बंद टोक वर राहू द्या आणि तुकडा वरच्या तारेलगत चिकटवा. पाव लांबीची केबल एका टोकाला शॉर्ट केली की दुसऱ्या टोकाकडून ती उघडी दिसते. म्हणजे ४३५ला तिथे वाट बंद. १४५ला तोच तुकडा जेमतेम एक बारांश लांबीचा, एखाद्या छोट्या कॉइलसारखा वागतो आणि प्रवाहाला जाऊ देतो. कॉइल आली म्हणून वरची तार दीड-दोन सेंमी आखूड लागते, इतकंच.

खालची तार १७ सेंमी घेऊन सुरुवात करा, वरची ३३. पहिल्यांदा खालची छाटत ४३५ला आणा, मग वरची छाटत १४५ला, मग परत ४३५ बघा. एका वेळी ३-४ मिमीच छाटा. मी एकदा गप्पा मारत सव्वा सेंमी उडवला आणि तोच तुकडा फरशीवर शोधून परत डाखला.

स्टब चालतोय की नुसता लोंबकळतोय हे ओळखायची माझी रीत : नॅनोव्हीएनए जोडलेला असताना वरच्या तारेचं टोक चिमटीत धरा. १४५चा खड्डा (एसडब्ल्यूआरची रेघ जिथे सर्वांत खाली येते ती जागा) पडद्यावरून पळून जाईल. ४३५चा जागेवर राहिला पाहिजे, फार तर थरथरेल. तुमच्या सध्याच्या अँटेनाला हात लावून बघा, दोन्ही पळतील. (हे फक्त मापकावर. हँडीचं बटण दाबलेलं असताना टोकाला हात लावायचा नाही, भाजतं.)

ट्रेकसाठी : उभ्या तारेला वायरिंगच्या कामातला पांढरा पीव्हीसी पाईप पुरतो. खालच्या चार तारांऐवजी स्टीलच्या मेजर टेपचे ५० सेंमीचे तुकडे लावा, गुंडाळून सॅकच्या बाजूच्या खिशात जातात आणि सोडले की आपोआप सरळ होतात. टेपवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने पार चमकेपर्यंत खरवडा, नाहीतर डाख गोळी होऊन घरंगळते. आणि छाटणी करायची ती तार पाईपमध्ये घालूनच. माझा पहिला अँटेना गच्चीवर उघड्या तारेवर मस्त जुळवला, पाईपमध्ये सरकवला आणि खड्डा १४५वरून १४२च्या पुढे-मागे जाऊन बसला. प्लास्टिक जवळ आलं की तार लांब झाल्यासारखी वागते. ते मला गडावर पोचल्यावर कळलं. कटर घरी.

सामान पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं. हँडीच्या एसएमए सॉकेटसाठी अॅडॉप्टर घेताना आपली हँडी सोबत न्या. बऱ्याच चिनी हँडींना पिन बाहेर असते आणि दुकानदार सवयीने उलटं देतो.

प्रश्न : मी बारावीत आहे. अशा अँटेनावर अंतराळ स्थानक ऐकू येईल का? अंतराळवीर शुभांशू शुक्ला हॅम रेडिओवर बोलले तेव्हापासून डोक्यात आहे. (नांदेड)

उत्तर : येईल, आणि गंमत म्हणजे तू साताऱ्याच्या वाचकाचा 'चुकलेला' अँटेनाच घे. स्टब नको, साधी ४९ सेंमी. ४३५वर जो जोर वर जातो म्हणून तो वाचक रडतोय, तो तुला हवाच आहे, कारण तुझं स्थानक आकाशात ४०० किलोमीटरवर आहे. शुक्ला २०२५च्या जुलैत बेंगळुरूच्या विद्यार्थ्यांशी बोलले, ते असंच स्थानक डोक्यावरून जात असतानाच्या थोड्या मिनिटांत. एक फेरी जास्तीत जास्त दहाएक मिनिटांची असते.

आवाज आणि चित्रं येतात ती १४५.८०० मेगाहर्ट्झवर. तिथला रिपीटर (आलेला सिग्नल पुन्हा प्रसारित करणारं यंत्र) चालू असेल तेव्हा तो ४३७.८००वर ऐकू येतो. यूएचएफवर डॉप्लर, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे सरकणारी फ्रिक्वेन्सी, सांभाळायचा : स्थानक येताना ४३७.८१०वर ऐक, डोक्यावर ४३७.८००, जाताना ४३७.७९०. हे टप्पे आधीच मेमरीत भरून ठेव, ऐन वेळी बटणं शोधत बसलीस तर स्थानक निघून जाईल. आणि अँटेना काठीसारखा उभा धरू नकोस. तारेच्या टोकाच्या दिशेने काहीच जात-येत नाही, म्हणून बरोबर डोक्यावर आल्यावर आवाज मरतो. हातात आडवा-तिरपा फिरवत राहा. आवाज उसळी मारेल तिथे मनगट थांबव.

मात्र त्या रिपीटरवर बोलायचं १४५.९९०वर, ६७ हर्ट्झ टोन लावून, ते परवाना हातात आल्यावरच. परीक्षेला बसायला १२ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तू पाच वर्षं उशीरच केलास. मोर्सची भीती वाटत असेल तर रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परवान्याची परीक्षा दे, त्यात मोर्स नाही. मीही त्याच ग्रेडच्या व्हीयू३ या कॉलसाइनने सुरुवात केली होती.

प्रश्न : बाल्कनीतल्या अँटेनापासून टेबलापर्यंत १० मीटर आरजी-५८ टाकली. केबल टाकल्यावर एसडब्ल्यूआर उलट सुधारला! लांब केबल अँटेनाला मानवते का? (ठाणे)

उत्तर : नाही हो. परत येणारी पॉवर केबलनेच वाटेत खाल्ली, म्हणून मीटरपर्यंत पोचली नाही. आरजी-५८ यूएचएफवर १० मीटरमध्ये साडेतीन डेसिबलच्या आसपास गिळते. म्हणजे हँडीतून ५ वॅट निघाले तर अँटेनाला सव्वादोनच्या घरात. आणखी ४० मीटर जोडा, मग अँटेना काढून ठेवलात तरी एसडब्ल्यूआर सुंदर दिसेल. केबल तीन मीटरवर आणा, किंवा हँडी घेऊन बाल्कनीत बसा. मी दुसरं करते, चहा तिथेच येतो.

प्रश्न : घरातल्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची वायर चालेल का? (सांगली)

उत्तर : चालेल. आवरणासकट वापरणार असाल तर लांबी थोडी कमी लागेल.

प्रश्न : माळ्यावर दूरदर्शनच्या काळातली चपटी अँटेना वायर सापडली, १५ मीटर तरी असेल. भंगारात घालू की काही होईल? (रत्नागिरी)

उत्तर : खबरदार! वडील कौलावर अँटेना फिरवतायत आणि आपण खालून 'आलं, आलं, गेलं!' ओरडतोय, ती ही वायर. ३०० ओहमची असते आणि तिचा व्हीएचएफसाठी गुंडाळून ठेवता येणारा जे-पोल (इंग्रजी J अक्षरासारखा अँटेना) होतो, खाली रेडियल्सची, म्हणजे त्या तिरप्या तारांची, झंझटच नाही. साधारण १ मीटर ४० सेंमीचा तुकडा घ्या. तळाशी दोन्ही तारा एकमेकींना डाखा. तळापासून ४२ सेंमीवर एका बाजूच्या तारेला सहाएक मिमीची खाच पाडून ती तोडा, दुसरी अखंड वर जाऊ द्या. केबल जोडायची ती तळापासून सुमारे ३ सेंमीवर : मधली तार अखंड बाजूला, जाळी तुटक्या बाजूला. तिथे आवरण सोलून ठेवा आणि जोड वर-खाली सरकवत एसडब्ल्यूआर बघा. दोरी बांधून आंब्याच्या फांदीला टांगा.

तुमच्याकडच्या पावसात मात्र ही वायर भिजली की जुळवणी सरकते, आवरणात पाणी धरतं. सुकल्यावर परत ठिकाणावर येते. एका जे-पोलला दीड मीटरही लागत नाही, म्हणजे तुमच्याकडे साडेतेरा मीटर उरतील. नको असतील तर मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा, पोस्टाचे पैसे मी देईन.