'बाजीराव मस्तानी' खरंच इतक्या कौतुकाच्या लायकीचा आहे का?

२०१५ चा 'बाजीराव मस्तानी' लोकांनी एवढा डोक्यावर का घेतला, त्यात तेवढा दम आहे का, असं तुम्ही विचारलंय. बाजीरावांची बायको काशीबाई आणि आई राधाबाई यांच्यासाठी आहे. बाजीरावांसाठी नाही.

तन्वी आझमींनी राधाबाईंसाठी खरोखर मुंडण केलं, पण मला त्याहून त्यांची नजर लक्षात राहिली. सुनेवर मायाही करते आणि घराण्याच्या अब्रूपुढे मुलालाही जुमानत नाही, अशी बाई त्यांनी उभी केली. राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या हक्काचाच होता. आईना महालातल्या त्या दृश्यात काशीबाई झालेली प्रियांका चोप्राही आरडाओरडा न करता सगळं सांगून जाते. काशीबाईंना पायाचं दुखणं होतं म्हणतात, त्यामुळे 'पिंगा' गाण्यात त्यांना नाचवलेलं मला आजही खटकतं. असो.

माझा खरा राग लढायांवर आहे. मी वैजापूरकडचा. पालखेड आमच्याच तालुक्यात. १७२७-२८ मध्ये निजाम पुण्यावर चालून गेला, तेव्हा बाजीराव पुणं वाचवायला धावले नाहीत. हलकं घोडदळ घेऊन त्यांनी जालन्याचा मुलूख लुटला, बऱ्हाणपूरची हूल दिली, गुजरातेत उतरले आणि परत औरंगाबादेच्या रोखाने आले. राजधानी जाते की काय या धास्तीने निजामाने पुणं सोडलं. घाईत जड तोफा मागे राहिल्या आणि फेब्रुवारीत पालखेडजवळ मराठ्यांनी त्याला असं कोंडलं की दाणावैरण बंद, पाणी बंद. आमच्याकडे फाल्गुनात विहिरींचा तळ दिसायला लागतो. तिथं एवढ्या फौजेचं आणि जनावरांचं काय झालं असेल! ६ मार्च १७२८ ला निजामाने मुंगी-शेवगावचा तह केला आणि दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीवरचा, म्हणजे महसुलातल्या वाट्यावरचा, शाहू महाराजांचा हक्क मान्य केला. मोठी लढाई न देता जिंकलेली ही मोहीम ब्रिटिश सेनानी फील्ड मार्शल माँटगोमेरीनेही वाखाणली आहे.

यातलं चित्रपटात काय आहे? एकटा माणूस तलवार घेऊन फौजेत घुसतो. शेवटी तर निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी लढताना घायाळ होऊन बाजीराव कोसळतात. प्रत्यक्षात १७४० च्या सुरुवातीला त्यांनी नासिरजंगाला गोदावरीच्या खोऱ्यात हरवलं, मुंगी-पैठणला तह केला, हंडिया आणि खरगोण मिळवलं, आणि त्याच नव्या मुलखात, नर्मदाकाठी रावेरखेडीला, २८ एप्रिलला तापाने गेले. वय फक्त ३९. जिंकून गेलेल्या सेनापतीला प्रेमभंगाने वेडापिसा करून मारायची काय गरज होती? खरा शेवट जास्त चटका लावणारा आहे.

कादंबरीवरचा चित्रपट आहे, सूट घेणारच, असं लोक म्हणतात. मस्तानीच्या कथेत घ्या ना हवी तेवढी सूट, तिच्याबद्दलची कागदपत्रं तशीही तुटपुंजी आहेत. पण बाजीरावांच्या मोहिमांच्या नोंदी भरपूर आहेत आणि त्यांचं मोठेपण तिथंच आहे. म्हणून सेट, छायाचित्रण, अभिनय यांचं कौतुक मी मनापासून करतो; 'बाजीराव कळले ते या चित्रपटामुळे' असं कुणी म्हणालं, की मात्र त्याच्यापुढे नकाशा ठेवून जालना, बऱ्हाणपूर, गुजरात, पालखेड असं बोट फिरवून दाखवतो.