टपालाचा शिक्का, मुद्रा की छाप?

जुन्या पोस्टकार्डांच्या आधारे एका गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाने विचारले आहे की, कार्डावर तिकिटाला लागून उमटलेल्या गोल खुणेला, म्हणजे पोस्टमार्कला, मराठीत 'टपालमुद्रा' म्हणावे, 'टपालछाप' म्हणावे, की नुसता 'शिक्का' हा शब्द पुरेसा आहे. आणि त्या खुणेवरून 'हे कार्ड १९०५ सालचे आहे' असे लिहिणे योग्य होईल काय. प्रश्न दोन असले, तरी पहिल्याचे उत्तर नेमके दिले की दुसऱ्याचे बरेचसे उत्तर त्यातच मिळते.

माझे मत 'शिक्का' या शब्दाच्या बाजूने आहे. मूळ अरबी 'सिक्का' म्हणजे नाणे पाडण्याचा साचा. तो शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, हिंदीत नाण्याच्या अर्थाने स्थिरावला आणि मराठीत मात्र दाबून खूण उमटवण्याचे साधन व त्या साधनाने उमटलेली खूण अशा दोन्ही अर्थांनी रुळला. शिक्का मारतात, शिक्का उठतो, शिक्का पुसट असतो, शिक्क्यावरची तारीख वाचता येत नाही, ही सगळी वाक्ये कोणालाही न अडखळता कळतात. साधन आणि खूण यांत फरक करायचाच असेल, तर साधनाला 'शिक्का' आणि कार्डावर दिसणाऱ्या विशिष्ट खुणेला 'ठसा' म्हणावे. 'शिक्का तोच, पण या कार्डावरचा ठसा अपुरा आहे' हे वाक्य मला निर्दोष वाटते. इतर शिक्क्यांपासून वेगळेपण दाखवण्यासाठी पहिल्या उल्लेखात 'टपालशिक्का' लिहिले की पुढे 'शिक्का' चालतो.

'मुद्रा' हा शब्द सुंदर आहे, पण तो येथे नको, असे मी आग्रहाने म्हणेन. मराठीच्या स्मरणात मुद्रा म्हणजे सत्तेची आणि खरेपणाची खूण. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या माथ्यावर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मुद्रा असते आणि मजकूर संपल्यावर 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब असते. पत्र धन्याचेच आहे हे मुद्रेने कळते, तर पत्र येथे संपले असून याखाली कोणी काही वाढवू नये हे मोर्तबेने. 'शिक्कामोर्तब' या जोडशब्दात आजही तोच अर्थ जागा आहे. टपालशिक्का यातले काहीही करत नाही. पत्र कोणी लिहिले, त्यातला मजकूर खरा आहे की खोटा, याची त्याला दखल नसते. अमुक कचेरीतून अमुक दिवशी हे टपाल गेले, एवढेच तो सांगतो. इतिहास लिहिणाऱ्याने त्याला मुद्रा म्हटले, तर वाचक नकळत त्या कार्डाला दस्तऐवजाचे वजन देतो.

'छाप' अडचणीचा ठरतो, कारण टपालखात्याने काढलेल्या पोस्टकार्डांवर तिकीटच छापलेले असते आणि 'कार्डावरची छाप' म्हणजे ते तिकीट की शिक्का, हा घोळ राहतो. 'स्टॅम्प' त्याहून वाईट: मराठी बोलण्यात तो तिकीटही आहे, रबरी शिक्काही आहे आणि मुद्रांकाचा कागदही.

तिकीटसंग्राहकांत 'कॅन्सलेशन' हा शब्द चालतो आणि टपालखात्याच्या हिंदी पत्रकांत त्यासाठी 'विरूपण' वापरतात. तो मराठीत घ्यायला हरकत नाही, पण पोस्टमार्कचा पर्याय म्हणून नव्हे, कारण तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ते रद्द करणे हे टपालशिक्क्याचे मूळ काम नाही. इंग्लंडचे पोस्टमास्टर जनरल हेन्री बिशप यांनी १६६१ मध्ये तारखेचा शिक्का सुरू केला, तो टपाल नेणाऱ्यांनी पत्रे अडवून ठेवू नयेत म्हणून. एका छोट्या वर्तुळात फक्त महिना आणि दिवस, वर्ष नाहीच. पहिले चिकटवण्याचे तिकीट त्यानंतर १७९ वर्षांनी, १८४० मध्ये आले. म्हणजे विरूपण बहुधा शिक्क्याने होत असले, तरी प्रत्येक शिक्का विरूपण नसतो.

ही गोष्ट स्थानिक इतिहासासाठी फार महत्त्वाची आहे, कारण एकाच कार्डावर अनेकदा दोन किंवा अधिक शिक्के असतात. जेथून कार्ड निघाले तेथील शिक्क्याला 'रवानगीचा शिक्का' म्हणावे. जेथे पोहोचले तेथील शिक्क्याला 'पोचेचा शिक्का' म्हणण्याचा मोह होईल, पण मराठीत 'पोच' म्हणजे मिळाल्याची पावती, म्हणून टपालातला जुना आणि नेमका शब्द घेऊन 'बटवड्याचा', म्हणजे टपाल वाटपाचा, 'शिक्का' म्हणणे बरे. मधल्या कचेरीचा तो 'वाटेतला शिक्का'. हे भेद पाळले नाहीत तर कशी चूक होते, ते पाहा. रवानगीची तारीख ३ मे आणि बटवड्याची २० मे असेल, तर टपालाला सतरा दिवस लागले असे आपण लिहून मोकळे होऊ. पण कार्ड १९१८ पूर्वीच्या रशियातून पॅरिसला गेलेले असेल, तर रवानगीच्या शिक्क्यावर ज्युलियन, म्हणजे तिथे तेव्हा चालणाऱ्या जुन्या दिनदर्शिकेची तारीख असू शकते, ती विसाव्या शतकात आपल्या तारखेपेक्षा तेरा दिवस मागे आहे आणि प्रवास खरे तर चारच दिवसांचा झालेला आहे.

चित्र असलेल्या पोस्टकार्डांच्या बाजूंच्या नावांतही असाच घोळ आहे. पाहणाऱ्याला चित्राची बाजू पुढची वाटते, टपालखात्याला पत्त्याची. म्हणून 'मागील बाजूस मजकूर आहे' असे न लिहिता 'पत्त्याची बाजू' आणि 'चित्राची बाजू' असे लिहावे. पत्त्याची बाजू मधोमध रेघ ओढून पत्ता आणि मजकूर यांत वाटून देण्याची मुभा ब्रिटनने १९०२ मध्ये, जर्मनीने १९०५ मध्ये आणि अमेरिकेने १९०७ मध्ये दिली. त्याआधी त्या बाजूवर फक्त पत्ता लिहायचा असे, आणि म्हणून जुन्या कार्डांवर मजकूर चित्राच्या कडेकडेने दाटीवाटीने लिहिलेला आढळतो. शिक्का वाचता येत नसेल, तर या रेघेवरून काळाचा अंदाज बांधता येतो.

स्थळनामांबद्दल एवढेच सुचवेन, की शिक्क्यावरील नाव त्यावर जसे आहे तसे उतरवावे आणि आजचे नाव आपल्या वाक्यात द्यावे. सेंट पीटर्सबर्ग १९१४ मध्ये पेट्रोग्राड झाले आणि १९२४ मध्ये लेनिनग्राड; शिक्क्यावर 'पेट्रोग्राड' असताना आपण सेंट पीटर्सबर्ग लिहिले, तर वर्षाचे आकडे पुसलेले असताना काळ सांगणारा एकमेव पुरावा आपणच पुसतो. शिवाय शिक्क्यावर असते ते टपालकचेरीचे नाव. लिहिणारा शेजारच्या, कचेरी नसलेल्या खेड्यातलाही असू शकतो.

आता दुसरा प्रश्न. पत्र लिहिल्याचा दिवस, ते टपालातून गेल्याचा दिवस आणि चित्र टिपल्याचा दिवस असे तीन दिवस या एका कार्डात असतात, आणि शिक्का त्यांपैकी फक्त टपालातून गेल्याचा दिवस सांगतो. चित्र कित्येक वर्षे आधीचे असू शकते, कारण एकदा छापलेली कार्डे संपेपर्यंत विकली जातात. त्यामुळे 'हे कार्ड १९०५ सालचे आहे' या वाक्याऐवजी मी असे लिहीन: 'या कार्डावर रवानगीचा शिक्का १४ ऑगस्ट १९०५ चा आहे, चित्रातील पूल त्या तारखेपूर्वी बांधलेला होता.'