आजोबांची रायफल उघडण्याआधी

भाऊ, ब्रश नंतर उचल, आधी कागद काढ. आजोबांची रायफल थ्री-नॉट-थ्री, आणि हा प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे, साध्या लायसन्सवर चालत नाही. शिवाय 1959 च्या आर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे दुरुस्ती लायसन्सधारी माणसानेच करायची. आपल्या हाती राहते ती साफसफाई, आणि तीही रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहून.

सँडपेपर घरात ठेवूच नको. गंजासोबत काळी झिलईही जाते, अन् बोल्टच्या (मागेपुढे सरकणाऱ्या खिटीच्या) दांडीखाली कोरलेला मुकुट, इशापूरच्या रायफल कारखान्याचं नाव, साल सगळं पुसट होतं. पातळ तेल लाव, रात्रभर मुरू दे, मग सगळ्यात बारीक स्टील वूल (पोलादी तारांचा मऊ बोळा) हलक्या हाताने फिरव. लाल भुकटी निघेल. खालचा काळपट थर राहू दे, तो गंज रोखतो. चकाचक करायचीच असेल तर स्टीलचा डबा घे ना बाप्पा.

लाकूड काढताना घाई नको. मागचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो भाग, आधी फिरवलास तर त्याला आतून धरणाऱ्या लांब स्क्रूचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाला आतून चिरतं. म्हणून पुढचं लाकूड आधी, दस्ता नंतर.

लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल, म्हणजे 'बॉइल्ड लिनसीड' म्हणून तयार मिळतं ते, घरी उकळायचं नाही. जवस आपल्या विदर्भाचंच, पण खायचं कच्चं तेल वाळता वाळत नाही. पातळ हात दे, जास्तीचं पुसून घे. ती चिंधी गोळा करून टाकू नको. तेल वाळताना तापतं, आपोआप पेटतं, आणि नागपूरचा मे महिना तर तुला माहीतच आहे. पाण्यात भिजवून ठेव.